घोड्यावरची रूपमती : एका चित्राचे वाचन

माळव्यात तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांना एका चित्राची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन घोडे जोडीने चालले आहेत. एकावर बाजबहादूर, दुसऱ्यावर रूपमती. त्याच्या किंवा तिच्या मनगटावर ससाणा बसलेला. मागे टेकडी, तिच्यावर पांढऱ्या इमारती, पुढे कमळांचे तळे, बाजूला एखादे हरीण. दोघांची नजर एकमेकांकडे, घोड्यांची आपल्या वाटेकडे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना मांडवगड दाखवायचा, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. येताना कुणी ना कुणी हे चित्र किंवा त्याची नक्कल विकत घेतो आणि मग ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात वर्षानुवर्षे टांगलेले राहते.

रोज दिसणारी गोष्ट आपण बघेनासे होतो. या चित्राचेही तसेच झाले आहे. कुणी विचारले तर आपण म्हणतो, "राणी रूपमती, तिची मोठी प्रेमकथा आहे," आणि विषय संपतो. पण एखादे जुने चित्र नीट वाचायला घेतले तर ते कथेच्या पलीकडचेही बरेच काही सांगते, आणि काही गोष्टी मुद्दाम झाकूनही ठेवते. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही हेच एक चित्र वाचायचे ठरवले आहे. त्याच्या शेजारी आणखी दोन चित्रे ठेवू, म्हणजे तुलना करता येईल.

हा विषय बागलीचा कसा?

मांडू धार जिल्ह्यात, सारंगपूर राजगड जिल्ह्यात, आणि आपण मध्ये देवास जिल्ह्यात. मग बागलीकरांनी याची चौकशी का करावी? उत्तर आपल्या पायाखालच्या पाण्यात आहे. बागलीजवळच्या विंध्याच्या डोंगरात कालीसिंध उगम पावते. ती उत्तरेकडे सोनकच्छवरून सारंगपूरला जाते आणि पुढे राजस्थानात चंबळेला मिळते. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मात्र नर्मदेला जातो. म्हणजे आपल्या तालुक्यावर पडणाऱ्या एका सरीचे दोन वाटे होतात.

रूपमतीच्या गोष्टीतही याच दोन नद्या आहेत. नर्मदेचे दर्शन घेतल्याशिवाय ती अन्न घेत नसे, म्हणून मांडूच्या दक्षिण कड्यावर तिच्यासाठी मंडप बांधला, असे लोक सांगतात. त्या कड्यावरून निमाडचे मैदान हजारभर फूट खाली दिसते आणि हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघही दिसते. आणि जिथे बाजबहादूरचे राज्य बुडाले ते सारंगपूर कालीसिंधेच्या काठी आहे. एका नदीवर त्या गोष्टीची भक्ती आणि दुसरीवर तिचा शेवट. दोन्हींचे पाणी आपल्या डोंगरातून जाते.

आधी नुसते पाहू

चित्र वाचण्याची पहिली पायरी म्हणजे कथा बाजूला ठेवून जे रंगवले आहे तेवढेच पाहणे.

पहिली गोष्ट दिसते ती ही की दोघे समान उंचीवर आहेत. दरबारी चित्रांत राजा मोठा, मध्यभागी, उच्चासनावर असतो. बाकीचे त्याच्या खाली, त्याच्याकडे तोंड करून. इथे मात्र घोड्याशेजारी घोडा आहे, डोक्याशेजारी डोके आहे. काही चित्रांत तर रूपमतीचाच घोडा अर्धे पाऊल पुढे असतो. तिच्या हातात लगाम आहे, ती पालखीत किंवा मेण्यात बसलेली नाही. चेहऱ्यावर पडदा नाही.

दुसरी गोष्ट, या सहलीला निमित्त शिकारीचे आहे, पण शिकार कुठेच चाललेली नाही. ससाणा हातावर स्वस्थ बसला आहे, हरीण जागचे हललेले नाही. रात्रीचा देखावा असेल तर पुढे मशालवाला चालतो आणि आकाशात चांदण्या असतात. कुणाला कुठे पोहोचायची घाई नाही. चित्रकाराला वेग दाखवायचाच नाही, निवांतपणा दाखवायचा आहे.

तिसरी गोष्ट, भोवतालची सृष्टी त्यांच्यासाठी मांडल्यासारखी आहे. झाडांच्या जोड्या, पक्ष्यांच्या जोड्या, तळ्यात उमललेली कमळे. आपल्याकडच्या जुन्या काव्यांत नायक-नायिकेच्या मनातले निसर्गात उमटते, तीच रीत इथे रंगांत आली आहे. म्हणजे ही एका विशिष्ट दिवसाची, विशिष्ट जागेची नोंद नाही. प्रेमी युगुल कसे दिसावे याचा ठरलेला साचा आहे आणि त्यात दोन नावे बसवली आहेत.

जागेचा पुरावा हवा असेल तर झाडे पाहावीत. मांडूला गेलेल्या कुणालाही तिथली खुरासानी इमली आठवते. आफ्रिकेकडून आलेली ही गोरखचिंच, तिचा तो पिंपासारखा बुंधा, पावसाळ्याखेरीज उघड्या-बोडक्या दिसणाऱ्या फांद्या, आणि रस्त्याकडेला विकायला ठेवलेली तिची भोपळ्याएवढी फळे. मांडूत महिनाभर राहिलेला चित्रकार ते झाड रंगवल्याशिवाय राहणार नाही. पण आमच्या पाहण्यात आलेल्या रूपमतीच्या एकाही चित्रात ते झाड नाही. कुठे पहाडी मुलखातल्या मऊ हिरव्या टेकड्या आहेत, कुठे राजस्थानी धाटणीची झाडे, कुठे दख्खनी रंगांचे आकाश. चित्रकारांनी आपापल्या घराजवळचा मुलूख रंगवला आणि त्याला मांडू म्हटले.

चित्र कधीचे?

इथे दुसरी पायरी येते. आज आपल्याला माहीत असलेली या जोडीची बहुतेक चित्रे १७व्या शतकाच्या अखेरची आणि १८व्या शतकातली आहेत. ती मोगल प्रांतांत, पहाडी राज्यांत, राजस्थानात, दख्खनमध्ये निघाली. बाजबहादूर १५५५मध्ये गादीवर आला आणि १५६१मध्ये सारंगपूरला हरला. म्हणजे चित्रकार आणि त्याचे नायक यांच्यामध्ये शंभर ते दोनशे वर्षांचे अंतर आहे. त्यांच्यापैकी कुणी रूपमतीला पाहिलेले असणे शक्य नाही. चेहरा, दागिने, घोड्याचा साज, सगळे चित्रकाराच्या काळचे आहे.

मग ही कथा त्यांच्यापर्यंत गेली कशी? १५९९मध्ये अहमद-उल-उमरी या लेखकाने रूपमतीची कथा फारसीत लिहिली. १९२६मध्ये एल. एम. क्रम्प या इंग्रज अधिकाऱ्याने तिचे इंग्रजी भाषांतर केले, त्यातून ती आजच्या वाचकांना माहीत झाली. पण लिहिलेल्या पोथीपेक्षा तोंडी गाणी जास्त फिरली. रूपमतीच्या नावाची पदे माळव्यात गायली जात होती. गाणे एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना शब्द बदलतात, नावे चिकटतात, म्हणून यांतले कुठले पद खरोखर तिचे, हे ठरवणे अवघड. पण तिच्या नावावर गाणी चढवावीशी वाटली, हेच तिच्याबद्दल पुष्कळ सांगते. देवासला टेकडीखाली राहून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून रागांची बीजे शोधली. त्या मातीत गाणे किती खोल मुरलेले आहे हे आपल्याला निराळे सांगायला नको.

तिच्या जन्मगावाचेही तसेच. कुणी तिला धरमपुरीची म्हणतात, कुणी सारंगपूरची. एक गाव नर्मदेकाठचे, दुसरे कालीसिंधेकाठचे. दोन्ही नद्यांनी तिच्यावर हक्क सांगितला आहे.

या काळाच्या हिशेबात आम्हाला एक योगायोग फार बोलका वाटतो. उत्तरेकडचे चित्रकार माळव्याला प्रेमिकांचा मुलूख म्हणून रंगवत होते, नेमक्या त्याच सुमारास खऱ्या माळव्यात खरे घोडे दौडत होते. २९ नोव्हेंबर १७२८ला चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला. पुढच्या काही वर्षांत धार आणि देवासला पवार, इंदूरला होळकर, उज्जैनला शिंदे अशी घडी बसली. आपल्यापैकी कितीतरी घरांचे मूळपुरुष त्या फौजांबरोबर, त्यांच्या दफ्तरांबरोबर किंवा त्यांच्या देवघरांबरोबर इकडे आले. त्यांच्या घोड्यांच्या पाठीवर ससाणे नव्हते, तोबरे होते. चित्रातला माळवा आणि वहिवाटीतला माळवा एकाच वेळी नांदत होते आणि एकाला दुसऱ्याची फारशी खबर नव्हती.

दुसरे चित्र : सुलतानाचे स्वयंपाकघर

आता शेजारी दुसरे चित्र ठेवू. हे मात्र खास मांडूचे आणि त्याच काळाचे आहे. मांडूच्या खिलजी सुलतानांच्या पदरी इ.स. १५००च्या आसपास 'नेमतनामा' नावाचे एक पुस्तक तयार झाले. ग्यासशाहच्या कारकिर्दीत ते सुरू झाले आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरे झाले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. विषय काय, तर खाणेपिणे. समोसे, खीर, सरबते, विडे, अत्तरे, औषधे, शिकारीला जाताना बरोबर काय न्यावे, अशा कृती आणि सूचना त्यात आहेत. आणि सोबत पन्नास चित्रे.

त्या चित्रांतही सुलतान बाहेर, हिरवळीवर बसलेला आहे. त्याच्या टोकदार मिशांवरून तो चटकन ओळखू येतो. भोवती फुलांची झुडपे, वर छत्र किंवा शामियाना. उघड्यावर निवांत बसलेली उंची माणसे, असा विषय इथेही आहे. पण एक फरक डोळ्यांत भरतो. या चित्रांत काम चाललेले दिसते. चूल पेटलेली आहे, तिच्यावर भांडे चढलेले आहे. कुणी ढवळते आहे, कुणी गाळते आहे, कुणी तबक पुढे करते आहे. आणि हे करणाऱ्या बहुतेक बायका आहेत. सुलतान एका बाजूला बसून बघतो, चाखतो. त्याची मौज ज्यांच्या हातांतून येते ते हात चित्रकाराने झाकलेले नाहीत.

चित्रांची धाटणीही बघण्यासारखी आहे. सुरुवातीची पाने इराणातल्या शिराझच्या वळणाची आहेत, पुढे पुढे भारतीय बायकांचे पोशाख, इथले चेहरे, इथले रंग वाढत जातात. एकाच पुस्तकात परदेशी हात हळूहळू माळव्याचा झालेला दिसतो. बाहेरून येऊन इथलेच झालेल्या आपल्यासारख्या घरांना या पानांची जवळीक वाटावी, यात नवल नाही.

या दोन बापलेकांबद्दल पुढच्या काळात बरेच लिहिले गेले. ग्यासशाहच्या महालात पंधरा हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतून पहारेकरी, कारागीर, हिशेबनीस असे एक वेगळेच नगर वसले होते, असे फरिश्ता लिहितो. आकडा कितीही फुगवलेला असो, नेमतनाम्यातल्या कामकरी बायका पाहिल्यावर त्या वर्णनामागे काहीतरी होते हे पटते. नासिरशाहने बापाला विष दिले असा प्रवाद होता. १६१७मध्ये जहांगीर मांडूला आला तेव्हा त्याने नासिरशाहच्या कबरीला लाथ मारली आणि त्याची हाडे नर्मदेत टाकायला लावली, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. हिरवळीवरच्या मेजवानीची ही दुसरी बाजू.

आणखी एक तपशील इथेच नोंदवून ठेवू. मांडूत ज्याला 'बाजबहादूरचा महाल' म्हणून दाखवतात तो शिलालेखाप्रमाणे १५०८-०९मध्ये याच नासिरशाहने बांधवला. म्हणजे बाजबहादूर गादीवर येण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी. रूपमतीचा मंडपही मुळात कड्यावरची पहाऱ्याची चौकी होती. वरच्या छत्र्या नंतरच्या. जिथे सैनिक शत्रूची वाट बघत, तिथे लोकांनी नदीची वाट बघणारी राणी बसवली. कथा लाडकी झाली की ती रिकाम्या इमारतींत राहायला येते.

तिसरे चित्र : मांडूच्या नर्तकी

तिसरे चित्र मोगल दरबारचे आहे. अकबराच्या कारकिर्दीचा इतिहास, अबुल फझलचा 'अकबरनामा', याची एक सचित्र प्रत १५९०च्या दशकात तयार झाली. तिची बरीच पाने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांत एका पानावर तरुण अकबर बसला आहे आणि त्याच्यासमोर दोघी नाचत आहेत, वादक साथ करत आहेत. वस्त्रे झुळझुळीत, हालचाल डौलदार. काही माहीत नसलेला माणूस म्हणेल, छान मैफल रंगली आहे.

पण त्या नर्तकी मांडूच्या आहेत आणि साल १५६१चे आहे. म्हणजे त्या बाजबहादूरच्या पदरच्या कलावंतिणी, लढाईत हाती लागलेल्या. त्यांचे नाचणे ही त्या दिवशीची लूट आहे.

त्या वर्षी काय घडले ते थोडक्यात असे. बाजबहादूरचा बाप शुजातखान हा शेरशाहचा माळव्यातला सुभेदार. तो गेल्यावर भावाभावांत वाटणीवरून मारामारी झाली आणि बाजबहादूर वर आला. त्याने गोंडवनावर स्वारी केली, तिथे राणी दुर्गावतीने त्याला सपाटून हरवले. त्यानंतर तो लढाईपेक्षा गाण्यात जास्त रमला, असे फरिश्ता सांगतो. १५६१च्या मार्चअखेर अकबराचा सरदार आधमखान आणि त्याच्याबरोबर पीर मुहंमद यांनी सारंगपूरजवळ त्याला गाठले. बाजबहादूर हरून पळाला. रूपमती मागे राहिली. आधमखानाचा हात आपल्याला लागू नये म्हणून तिने विष घेतले, हे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल यानेच लिहून ठेवले आहे.

लढाईनंतर कैद्यांची जी कत्तल झाली तिचा एक साक्षीदार आहे. मुल्ला अब्दुल कादिर बदायूनी त्या वेळी मोगल छावणीत होता. कैद्यांना टोळ्याटोळ्यांनी आणून मारताना दोघे सरदार कसे हसत होते, हे त्याने लिहिले आहे. तो काही बाजबहादूरचा माणूस नव्हता. जिंकणाऱ्यांच्या बाजूचा होता, तरीही त्याला ते पाहवले नाही. कालीसिंधेच्या काठी हे सगळे घडले.

आधमखानाने लुटीतले हत्ती आणि महालातल्या स्त्रिया स्वतःकडे ठेवल्या म्हणून अकबर आग्र्याहून दौडत सारंगपूरला आला. त्याचा राग अपमानाचा होता, माणसे मेली म्हणून नव्हे. त्या नाचाच्या चित्रात हे काहीच दिसत नाही. दिसतो तो प्रसन्न बादशहा.

मग चूक कुणाची?

मांडूत ऐकलेली गोष्ट सहसा एका तात्पर्याने संपते : राजा गाण्यात आणि बाईत गुंतला, म्हणून राज्य गेले. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनाही हे तात्पर्य आवडते, मुलांना सांगायला सोयीचे पडते. पण ते खरे आहे का, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. बाजबहादूरला हरवणारी राणी दुर्गावती घ्या. ती कर्तबगार, शूर, स्वतः हत्तीवर बसून लढणारी. तिच्या दरबारावर विलासाचा आरोप कुणी केलेला नाही. तरीही १५६४मध्ये मोगल सरदार आसफखानाने तिचे राज्य घेतले आणि ती रणात पडली. माळवा गेल्यावर तीनच वर्षांत. म्हणजे गाणारा राजा हरला आणि लढणारी राणीही हरली. उत्तरेत एक मोठी सत्ता उभी राहत होती, तिच्या तोफा, घोडदळ आणि पैसा यांच्यापुढे मधली छोटी राज्ये टिकणे कठीण होते. त्यात माळव्यात भाऊबंदकी होती आणि गोंडवनाच्या पराभवाने फौज खिळखिळी झाली होती. कारणे ही आहेत.

शिवाय हे तात्पर्य आपल्यापर्यंत आणले कुणी? मुख्यतः जिंकणाऱ्यांच्या इतिहासकारांनी. दुसऱ्याचा मुलूख घेतल्यावर तिथला राजा नालायक होता असे लिहिणे सोयीचे असते. ते घेण्याला मग न्यायाचा रंग चढतो. मराठ्यांचे राज्य घेतल्यावर इंग्रजांनी शेवटच्या पेशव्याबद्दल काय काय लिहिले ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातले किती खरे आणि किती सोयीचे, याची छाननी आपल्या इतिहासकारांनी केली. बाजबहादूरच्या बाबतीत तेवढी छाननी करायला आपली हरकत नसावी.

बाजबहादूरचे पुढे काय झाले हेही या तात्पर्यात बसत नाही. तो निरनिराळ्या दरबारांत आसरा घेत फिरला. १५६२मध्ये पीर मुहंमद नर्मदेत बुडून मेला तेव्हा त्याने माळवा परतही घेतला, पण तो टिकला नाही. अखेर १५७०मध्ये तो अकबराला शरण गेला आणि त्याला मनसब मिळाली. 'ऐन-ई-अकबरी'त दरबारच्या गवयांची यादी आहे. तानसेनाचे नाव जिथे आहे, त्याच यादीत बाजबहादूरचेही आहे, आणि तो अजोड गवई असल्याचा शेराही. ज्या गाण्याने राज्य घालवले म्हणतात, त्याच गाण्याने त्याला जिंकणाऱ्याच्या दरबारात जागा मिळवून दिली.

आणि रूपमती? तिला कुठल्या यादीत जागा मिळाली नाही. हरलेल्या राजाला शरण जाण्याचा रस्ता होता. हरलेल्या राजाच्या राणीला जे रस्ते होते ते 'अकबरनाम्या'च्या त्या पानावर रंगवलेले आहेत : नाचणे, किंवा चित्रातच नसणे. तिने दुसरा घेतला.

पुन्हा घोड्यावर

आता पहिल्या चित्राकडे पुन्हा पाहिले तर त्यातली बरोबरी वेगळी दिसू लागते. इतिहासात त्या दोघांना बरोबरी मिळाली नाही. तो निसटला, ती अडकली. तो पुढेही गात राहिला, ती केव्हाच गेली होती. दोनशे वर्षांनंतरच्या एका चित्रकाराने मात्र दोघांना शेजारी शेजारी घोडे दिले. तिच्या हातात लगाम दिला. भोवती ना महाल ठेवला, ना फौज. मोकळे मैदान दिले, पुढे वाट दिली. सारंगपूरला तिला जे मिळाले नाही, म्हणजे घोडा आणि निघून जायची मोकळीक, नेमके तेच.

चित्रकाराच्या मनात हे होते का? बहुधा तो साच्याप्रमाणे एक मागणीचे चित्र काढत होता. पण हा साचा इतका चालला, पहाडापासून दख्खनपर्यंत लोकांनी तो पुन्हा पुन्हा मागितला, त्याचे कारण इथे शोधावे असे आम्हाला वाटते. कथा ऐकलेल्या प्रत्येकाला शेवट माहीत होता. म्हणूनच तो शेवट ज्यात नाही असे चित्र भिंतीवर हवे होते. पुढे बोलपटाच्या काळातही तेच झाले. भारत भूषण आणि निरूपा रॉय यांचा 'रानी रूपमती' आपल्या आधीच्या पिढीने पाहिला, त्यातले मुकेशचे गाणे अजून समाजाच्या कार्यक्रमांत कुणीतरी म्हणतोच.

म्हणून हे चित्र खोटे म्हणून भिंतीवरून उतरवायचे कारण नाही. १५६०च्या मांडूचा पुरावा म्हणून ते कमी उपयोगाचे, पण लोकांना त्या गोष्टीतून काय हवे होते याचा तो उत्तम पुरावा आहे. मांडूतले खाणे-राहणे बघायचे तर नेमतनामा उघडावा. जिंकणाऱ्याला स्वतःला कसे दाखवायचे होते हे बघायचे तर अकबरनामा. आणि हरलेल्यांबद्दलची माया बघायची तर हे दोन घोडे.

आपल्या घरची चित्रे

शेवटी एक गोष्ट आपल्या घरांतल्या फोटोंबद्दल. निवांत बसलेल्या नीटनेटक्या माणसांची चित्रे आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यात नदीकाठी किंवा डोंगरात निघालेले वनभोजन, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले बाफले, तुपाचे भांडे, सतरंजीवर बसलेले काका-मामा, नऊवारीतल्या आज्या, पुढे मांडी घालून बसवलेली पोरे. माळव्यातल्या मराठी घरात असा एखादा काळा-पांढरा फोटो नसेल तर नवल.

तो फोटो काढून वर विचारलेले प्रश्न त्यालाच विचारून पाहावेत. कधीचा, कुठला? कोण मध्ये बसले आहे आणि कोण कडेला? बाफले भाजणारे हात कुणाचे, ते फोटोत आहेत का? बैलगाडी हाकणारा, पाणी भरणारी, भांडी घासणारी यांपैकी कुणाचा खांदा, कुणाची सावली कडेला आली आहे का? आणि त्या हसऱ्या दुपारनंतर त्या घरात काय काय घडले, जे फोटो सांगत नाही? कोण शिकायला पुण्याला गेले आणि परतले नाही, कुणाचे लग्न मोडले, कोणती जमीन गेली?

रूपमतीच्या बाबतीत उत्तरे द्यायला अबुल फझल होता, बदायूनी होता, तरी तिचे जन्मगावही नक्की राहिले नाही. आपल्या आज्यांसाठी कुणी बखर लिहिलेली नाही. जे ठाऊक आहे ते घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना ठाऊक आहे. यंदा दहा दिवस घरात येणे-जाणे असणार, दूरची मुलेही येतील. आरती झाल्यावर एखाद्या संध्याकाळी जुने आल्बम खाली काढावेत, वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे. कडेला उभ्या असलेल्यांचीसुद्धा.